माझे आवडते प्रशिक्षक : अनातोली बोंदारचुक



'माझे आवडते शिक्षक' हा निबंध आपण सगळ्यांनी शाळेत लिहिला आहे. 'माझा आवडता खेळाडू' हाही दरवर्षीचा ठरलेला विषय. त्यावर मुलं भरभरून लिहितात. पण 'माझे आवडते प्रशिक्षक' असा विषय दिला की बहुतेक वह्या कोऱ्या राहतात. खेळाडूचं नाव सगळ्यांना पाठ असतं, त्याला शिकवणाऱ्याचं कुणालाच माहीत नसतं. म्हणून या वेळी हा निबंध मीच लिहायला घेतला आहे. वर्गात नमुना म्हणून वाचून दाखवायला हरकत नाही.

मी गेली बावीस वर्षं एका तालुक्याच्या गावी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. आमच्याकडे माध्यमिक शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालय एकाच आवारात आहे, त्यामुळे पाचवीपासून बारावीपर्यंतची सगळी मुलं माझ्या मैदानावर येतात. कबड्डी, खो-खो सगळंच घ्यावं लागतं, पण माझा जीव रमतो तो फेकीच्या खेळात. गोळा, थाळी, भाला आणि हातोडा असे हे चार प्रकार. यातले पहिले तीन आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत. हातोडाफेक मात्र फार थोड्या शाळांत होते, आणि माझे आवडते प्रशिक्षक नेमके हातोड्याचे आहेत. ते युक्रेनचे. मी त्यांना कधी भेटलेलो नाही. त्यांच्याबद्दल वाचत गेलो आणि माझ्या कामाकडे बघण्याची माझी नजर बदलत गेली.

हातोडाफेक म्हणजे काय?

नावावरून सुताराचा हातोडा डोळ्यासमोर येतो, पण हा तसा नसतो. एक धातूचा गोळा, त्याला जोडलेली तार आणि तारेच्या टोकाला धरायची मूठ. पुरुषांसाठी त्याचं वजन ७.२६ किलो, महिलांसाठी ४ किलो. २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळात उभं राहायचं, हातोडा डोक्याभोवती फिरवायचा, मग स्वतःभोवती तीन किंवा चार गिरक्या घ्यायच्या आणि सोडायचा. वर्तुळाच्या बाहेर पाय गेला की फेक बाद. बघणाऱ्याला वाटतं सगळी ताकद दंडात आहे. खरं तर हात फक्त धरून ठेवतात. वेग तयार होतो तो पायांतून आणि कमरेतून. गोळा, थाळी, भाला यांचंही तसंच आहे. फेक पायापासून सुरू होते, हे वाक्य मी वर्षातून शंभर वेळा तरी बोलत असेन.

शिष्य पहिला, गुरू तिसरा

अनातोली बोंदारचुक यांचा जन्म १९४० सालचा. ते स्वतः मोठे खेळाडू होते. १९६९ साली ७५ मीटरच्या पलीकडे हातोडा टाकणारे ते जगातले पहिले खेळाडू ठरले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाकडून त्यांनी ७५.५० मीटर फेक करून सुवर्णपदक जिंकलं.

त्याच वर्षी एक सतरा वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे शिकायला आला. युरी सेदिख त्याचं नाव. बोंदारचुक तेव्हा स्वतः स्पर्धेत उतरत होते आणि त्याच वेळी या मुलाला तयार करत होते. आपल्या शिक्षकांपैकी ज्यांनी नोकरी करता करता बी.एड. केलं आहे त्यांना ही कसरत कळेल. पण यात एक वेगळीच अडचण होती. ज्याला शिकवायचं तोच उद्या आपला प्रतिस्पर्धी होणार होता.

आणि तसंच झालं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये गुरू-शिष्य दोघंही एकाच स्पर्धेत उतरले. एकवीस वर्षांच्या सेदिखने ७७.५२ मीटर टाकून सुवर्णपदक घेतलं. छत्तीस वर्षांचे बोंदारचुक तिसरे आले. पदक देताना शिष्य सगळ्यात वरच्या पायरीवर उभा होता आणि गुरू खालच्या.

शिष्याकडून हरण्यात गुरूचा आनंद असतो, असं आपण शिक्षकदिनाच्या भाषणात नेहमी म्हणतो. म्हणायला सोपं आहे. इथे एका माणसाने आपलं ऑलिंपिक सुवर्ण राखण्याची संधी समोर असताना, त्याच चार वर्षांत, ते घेऊन जाणारा मुलगा आपल्या हाताने घडवला. हा प्रसंग मी वर्गात सांगतो तेव्हा मुलं लगेच विचारतात, "सर, मग त्यांनी थोडं कमी शिकवलं असतं तर?" या प्रश्नावर वर्गात चांगली चर्चा होते. उत्तर मुलांनाच शोधू द्यावं.

पुढे सेदिखने १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये ८१.८० मीटर टाकून पुन्हा सुवर्ण जिंकलं. तिथे तिसरा आलेला यूरी ताम हाही बोंदारचुकांचाच शिष्य. ३० ऑगस्ट १९८६ रोजी स्टुटगार्टच्या युरोपियन स्पर्धेत सेदिखने ८६.७४ मीटर फेक केली. तो जागतिक विक्रम इतक्या वर्षांनंतरही मोडलेला नाही. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्या काळात उत्तेजकांच्या चाचण्या आजच्यासारख्या कडक नव्हत्या, त्यामुळे त्या काळातल्या फेकीच्या विक्रमांकडे शंकेने बघणारे अनेक जण आहेत. मोठ्या मुलांना शिकवताना हे लपवू नये.

त्यांच्याकडून मी काय घेतलं?

बोंदारचुक फक्त मैदानावरचे गुरुजी नव्हते, त्यांनी सरावाचा शास्त्र म्हणून अभ्यास केला, त्यावर पुस्तकं लिहिली. त्यातल्या तीन गोष्टी मला रोजच्या कामात उपयोगी पडल्या.

पहिली गोष्ट म्हणजे जिममधली ताकद आणि मैदानावरची फेक या दोन वेगळ्या बाबी आहेत. एखाद्याने बैठकीत जास्त वजन उचललं म्हणून त्याचा हातोडा तेवढाच लांब जाईल असं नाही. कोणत्या व्यायामाचा फायदा प्रत्यक्ष फेकीत उतरतो आणि कोणत्याचा उतरत नाही, हे तपासून बघावं लागतं. आपल्या वर्गातही हेच घडतं ना? पाढे घडाघडा म्हणणारा मुलगा दुकानात सुटे पैसे मोजताना अडखळतो. पाठांतर झालं, पण ते वापरात उतरलं नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. बोंदारचुक आपल्या खेळाडूंना स्पर्धेपेक्षा हलके आणि जड असे वेगवेगळ्या वजनांचे हातोडे टाकायला लावत. हलक्याने वेग येतो, जडाने जोर येतो. आमच्याकडे वेगवेगळ्या वजनांचे गोळे घ्यायला निधी नसतो, पण हलक्या साधनाने सुरुवात करणं तर आपल्या हातात आहे. मोठ्या पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा असला तरी अठरा वर्षांखालील मुलांसाठी आंतरराष्ट्रीय वजन ५ किलो आहे, आणि त्याच वयाच्या मुलींसाठी ३ किलो. भाल्याचंही तसंच : मोठ्यांना ८०० ग्रॅम, अठराखालील मुलांना ७०० ग्रॅम. हे आकडे उगाच ठरवलेले नाहीत. तरीही पालक येऊन सांगतात, "सर, याला आत्तापासूनच मोठा गोळा द्या, सवय होईल." सवय होते, पण चुकीची होते. जड गोळा उचलताना मूल कंबर वाकवतं, कोपर खाली पाडतं, आणि ती सवय मोडायला पुढे दोन-दोन वर्षं जातात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. प्रत्येक खेळाडूचं शरीर सरावाला वेगळ्या वेगाने साथ देतं. एकाला थोड्याच आठवड्यांत फरक पडतो, दुसऱ्याला तोच सराव कितीतरी जास्त दिवस करावा लागतो. म्हणून बोंदारचुक प्रत्येकाच्या नोंदी वेगळ्या ठेवत आणि नोंदी बघून सराव बदलत. मी यावरून एक साधी दोनशे पानी वही सुरू केली. प्रत्येक मुलाचं एक पान. तारीख, किती फेका, सगळ्यात लांब कोणती, झोप झाली का, काही दुखतंय का. एवढंच. वहीमुळे 'हा मुलगा आळशी आहे' हे वाक्य माझ्या तोंडून जवळजवळ बंद झालं. वही सांगते की तो आळशी नाही, ऊसतोडीच्या हंगामात तो पहाटे चार वाजता उठतो.

एका सेंटिमीटरची गोष्ट

उतारवयात बोंदारचुक कॅनडात कॅमलूप्स या गावी गेले. तिथला डिलन आर्मस्ट्राँग हा मुलगा त्यांच्याकडे गोळाफेक शिकू लागला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याची सगळ्यात लांब फेक होती २१.०४ मीटर. तिसऱ्या आलेल्या बेलारूसच्या खेळाडूची होती २१.०५. एका सेंटिमीटरने पदक गेलं. आपल्या पट्टीवरच्या दोन आकड्यांमधलं अंतर!

पुढे तो बेलारूसचा खेळाडू उत्तेजकांच्या प्रकरणात अपात्र ठरला आणि आर्मस्ट्राँगला त्याचं कांस्यपदक मिळालं ते २०१५ साली. सात वर्षांनी. तोपर्यंत ऑलिंपिकचं मैदान नव्हतं, टाळ्या नव्हत्या. या मधल्या वर्षांत तो खेळत राहिला, २०११ च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं.

आणि मग तो स्वतः प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखाली तयार झालेला ईथन कॅट्झबर्ग २०२३ साली हातोडाफेकीचा जगज्जेता ठरला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ८४.१२ मीटर फेक करून सुवर्ण जिंकला. दुसरा आलेला त्याच्यापेक्षा चार मीटरहून जास्त मागे होता. बोंदारचुक, त्यांचा शिष्य आर्मस्ट्राँग, त्याचा शिष्य कॅट्झबर्ग. म्युनिकपासून पॅरिसपर्यंत बावन्न वर्षं झाली. प्रशिक्षकाची कारकीर्द मोजायची तर अशी मोजावी लागते. या वर्षीची पदकं मोजून ती कळत नाही.

पण पहिले गुरुजी कोण?

हा प्रश्न मला सतत पडतो, कारण मी स्वतः त्याच जागेवर आहे. सेदिख सतराव्या वर्षी बोंदारचुकांकडे आला, पण त्याने हातोडा हातात घेतला होता त्याच्या पाच वर्षं आधी, निकोपोल या गावात. तिथे त्याला शिकवणाऱ्या प्रशिक्षकांचं नाव व्लादिमिर वोलोविक. किती जणांनी ऐकलंय? कॅट्झबर्गला हातोड्याची ओळख झाली ती घरातच, वडील आणि बहिणीमुळे. आपल्या नीरज चोप्राला टोकियोत ८७.५८ मीटरच्या फेकीने सुवर्ण मिळालं तेव्हा परदेशी प्रशिक्षकांची नावं सगळीकडे आली. पण पानिपतच्या शिवाजी स्टेडियमवर त्याच्या हातात पहिल्यांदा भाला देणारा जयवीर हा स्वतःच एक तरुण भालाफेकपटू होता. पानिपतहून नीरज पुढे पंचकुलाला गेला. पानिपतच्या मैदानाने त्याला अडवून ठेवलं असतं तर?

परदेशात ही साखळी महाविद्यालयातही नीट चालते. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांत फक्त फेकीच्या खेळांसाठी वेगळा प्रशिक्षक असतो. कॅनडाची कॅमरिन रॉजर्स शालेय वयात आपल्या गावी हातोडा शिकली, मग कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मो सातारा या प्रशिक्षकांकडे गेली, शिकता शिकता तीन वेळा आंतरविद्यापीठ विजेती झाली आणि २०२४ ला पॅरिसमध्ये सुवर्ण जिंकली. आपल्या महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाचे एकच सर असतात. तेच कबड्डीचा संघ घेऊन जातात, तेच बुद्धिबळाच्या नोंदी करतात, तेच नॅकची फाईल तयार करतात. त्यातून वेळ काढून जे संध्याकाळी एखाद्या मुलाची थाळी बघतात, त्यांना माझा मनापासून नमस्कार.

माझ्या मैदानावरची एक मुलगी

काही वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी माझ्याकडे गोळा टाकायची. आई-वडील दोघंही शेतमजूर. अंगाने फार थोराड नव्हती, पण पाय विजेसारखे. जिल्ह्यात पहिली आली. पुढच्या वर्षी राज्यस्तरावर पदक येईल अशी माझी खात्री होती. त्याच वेळी तिची निवासी क्रीडा प्रबोधिनीसाठी निवड झाली. म्हणजे ती आमची शाळा सोडून जाणार.

शाळेत कुजबुज सुरू झाली. "सर, एक वर्ष थांबवा. मेडल आपल्या शाळेच्या नावावर येऊ द्या, मग जाऊ दे." दोन वर्षं पहाटे उठून मी तिला तयार केलं होतं, वर्तमानपत्रात नाव दुसऱ्या कुणाचं येणार, हे मलाही दिसत होतं. पण आमच्याकडे ना सिमेंटचं वर्तुळ, ना वेगवेगळ्या वजनांचे गोळे, ना रोजचं दूध-अंडी. फक्कीने आखलेल्या वर्तुळात मातीवर तिचा पाय घसरायचा. तिला जे पुढे लागणार होतं ते माझ्याजवळ नव्हतं. मी तिच्या वडिलांना बोलावून फॉर्मवर सही करायला सांगितली.

सही करून ते म्हणाले, "सर, पोरगी तिकडं गेली म्हंजे आता तुम्ही तिचं सर न्हाई का?"

मी म्हणालो, "सर तर मीच. फेक बघायला फक्त तिथले सर."

तिची वही मी सोबत दिली. दोन वर्षांची पानं, सगळ्या नोंदींसह.

ती काही ऑलिंपिकला गेली नाही. राज्यस्तरावर खेळली, महाविद्यालयात गेल्यावर एकदा आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेली, मग खांदा दुखावला. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत गोळाफेक असते हे गावाकडच्या सगळ्यांना माहीत आहे; तिला त्यात पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि ती भरती झाली. आता सुट्टीवर आली की गावातल्या भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना सकाळी मैदानावर घेऊन जाते. त्यातली एक जण भरती झाली, तिघींचा सराव अजून चालू आहे. परवा त्या मुलींपैकी एक माझ्याकडे गोळा मागायला आली होती. हातात एक दोनशे पानी वही होती. मी काही विचारलं नाही, गोळा काढून दिला.

सुरक्षेबद्दल दोन शब्द

फेकीच्या खेळाबद्दल लिहायचं आणि हे टाळायचं, असं करता येणार नाही. २०१९ साली केरळमध्ये पाला इथल्या राज्य कनिष्ठ स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून उभा असलेला एक शाळकरी मुलगा हातोडा लागून दगावला. २०२३ साली आपल्याच राज्यात शाळेच्या मैदानावर भाला लागून एका विद्यार्थ्याचा जीव गेला. म्हणून आमच्या मैदानावर चार नियम आहेत. सगळे फेकणाऱ्याच्या मागे उभे राहतात. शिट्टी वाजल्याशिवाय फेक नाही. साधन आणायला सगळ्यांनी एकदम चालत जायचं, धावत नाही, आणि आणलेलं साधन परत फेकायचं नाही, हातात घेऊन यायचं. भाला किंवा हातोडा चालू असताना त्या बाजूला दुसरा कोणताही खेळ नाही. जाळी नसेल तर हातोडा आणि थाळी घेऊच नयेत. पदक पुढच्या वर्षी येईल.

पालकांना विनंती

"गोळा-भाला फेकून पुढे काय?" हा प्रश्न चुकीचा नाही. दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, हे खरं. पण फक्त त्यासाठी मुलाला मैदानावर आणलं तर प्रमाणपत्र हातात पडल्यावर मैदान सुटतं. फेकीच्या खेळात शरीर उशिरा पिकतं. चौदाव्या वर्षीचा विजेता अनेकदा विसाव्या वर्षी दिसतही नाही, आणि चौदाव्या वर्षी पाचवा आलेला पुढे टिकतो. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणी गावचा सचिन खिलारी बघा. शाळेत असताना अपघातात हात अधू झाला, पुढे इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं, आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्यपदक आणलं ते वयाची तिशी ओलांडल्यानंतर. तेव्हा घाई करू नका. आणि सरांनी सांगितलं की आता याला पुढच्या प्रशिक्षकाकडे पाठवा, तर जरूर पाठवा.

वर्गासाठी उपक्रम

हा निबंध वाचून झाल्यावर मुलांना एक काम द्यावं. प्रत्येकाने आपल्या आवडत्या खेळाडूला सगळ्यात पहिल्यांदा शिकवणाऱ्याचं नाव शोधायचं आणि त्याच्याबद्दल दहा ओळी लिहायच्या. नाव सापडलं नाही तर आपल्या गावातल्या एखाद्या खेळाडूला, पैलवानाला किंवा भरती झालेल्या ताईला जाऊन विचारायचं, 'तुम्हाला पहिल्यांदा कुणी शिकवलं?' आमच्या आठवीच्या वर्गात हा उपक्रम घेतला तेव्हा चाळीसपैकी एकतीस मुलांनी गावातल्याच माणसांबद्दल लिहिलं. त्यातली काही माणसं अजून हयात आहेत, आणि आपल्याबद्दल कुणी वहीत लिहिलं आहे हे त्यांना आता कळलं आहे.